छायाचित्रकाराचा पहिला दिवा

पानिपतावर १७६१ मध्ये कामी आलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाने, थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत वसलेल्या सदाशिव पेठेतील जुने वाडे ज्यांनी आतून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको की, वाड्यातला प्रकाश रस्त्याकडून येत नसे; तो चौकातून येई. रस्त्याच्या अंगाला जाड भिंत, दिंडीदरवाजा आणि फार तर वरच्या मजल्यावर एखादा सज्जा. आत मात्र चौक आकाशाला मोकळा आणि त्याच्या चारी बाजूंना लाकडी खांबांवर पेललेली ओसरी. ह्या ओसरीत, खांबापासून हात-दोन हात आत, चौकाकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या मुखावर दिवसाच्या मधल्या प्रहरी जो प्रकाश पडतो, त्याची योग्यता चित्रकारांस पूर्वीपासून ठाऊक होती: डोक्यावरील छपरामुळे माथ्यावरचे ऊन अडते, समोरच्या आकाशाच्या तुकड्यातून उजेड एकाच दिशेने परंतु विस्तीर्ण होऊन येतो, आणि माजघरातला अंधार पाठीमागे आपोआप पडदा होऊन उभा राहतो. पुढे काचा, पडदे, दारू, तंतू, वायू आणि विद्युत् ह्यांवर छायाचित्रणाच्या धंद्याने जो पैसा ओतला, तो बव्हंशी ह्या ओसरीतल्या प्रकाशाची हुबेहूब नक्कल हव्या त्या वेळी आणि हव्या त्या खोलीत करता यावी एवढ्यासाठीच ओतला, असे माझे मत आहे. आणि व्यक्तिचित्रणासाठी पहिला स्टुडिओ-फ्लॅश, अर्थात ज्याला आजचे तरुण स्ट्रोब म्हणतात तो, विकत घेऊ पाहणाऱ्याने यंत्रांच्या किमती चाळण्यापूर्वी हा इतिहास एकवार चाळावा, असेही मला वाटते.

पुण्यात समोर बसवून तसबीर उतरवून घेण्याचा रिवाज कॅमेऱ्याच्या आधीचा आहे. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी असताना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यास आला, आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे अशा मातबर मंडळींची तैलचित्रे केली. मॅलेटच्याच पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली व गंगाराम तांबट ह्यांच्यासारखा गुणी एतद्देशीय चित्रकार वेल्सच्या हाताखाली तयार झाला. पाश्चात्य पद्धतीच्या चित्रात चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि दुसरी छायेत ठेवावयाची असते; आपल्या लघुचित्रांत सर्वांगावर सारखाच उजेड नांदत असे. मुखाला गोलाई आणण्यासाठी छायेची आवश्यकता असते, ही गोष्ट पुणेकरांच्या दृष्टीस प्रथम पडली ती ह्या चित्रांतून. ती त्यांना कितपत रुचली असेल, ह्याविषयी मला शंका आहे. कारण पुढे कॅमेऱ्यासमोर बसलेल्या कित्येक पिढ्यांतील यजमानांची तक्रार अर्धे तोंड काळे का आले, हीच राहिली, आणि स्टुडिओवाल्यांनीही त्या तक्रारीपुढे वेळोवेळी मान तुकवून समोरून सपाट प्रकाश टाकण्याचा शिरस्ता पाडला.

फ्रान्समध्ये दागेरच्या शोधाची वार्ता १८३९ साली जाहीर झाली, आणि पंधरा वर्षांच्या आत, १८५४ च्या ऑक्टोबरात, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था तिच्यामागून दोन वर्षांनी निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही ह्या सोसायटीत होते, आणि नारायण दाजींचा हात तर ह्या विद्येत चांगलाच बसलेला होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये लवकरच छायाचित्रणाचा वर्ग निघाला, त्यातून शिकून हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी मुंबईत स्वतःचा धंदा थाटला, आणि ही केवळ साहेब लोकांची करमणूक नसून एतद्देशीयांनाही पोटापाण्यास लावणारी विद्या आहे, हे सिद्ध झाले. मुंबईची ही विद्या घाट चढून पुण्याच्या लष्कर भागात आणि तेथून पेठांत आली. १८९६ मध्ये राजा दीनदयाळ ह्यांनी मुंबईत आपला स्टुडिओ उघडला, तेव्हा मराठी मुलखातील सुखवस्तू कुटुंबांत सपत्नीक छायाचित्र काढून घेणे ही नवलाईची गोष्ट राहिली नव्हती.

त्या काळच्या स्टुडिओची खरी ओळख कॅमेऱ्यावरून पटत नसे. ती छपरावरून पटे. आर्चरने १८५१ मध्ये शोधून काढलेली ओल्या कलोडियनची पद्धत असो, की मॅडॉक्सच्या १८७१ च्या प्रयोगातून निघालेली जिलेटिनची कोरडी काच असो, ह्या काचा मंद होत्या. त्यांना भरपूर प्रकाश लागे आणि तरीही समोरच्या माणसास काही क्षण श्वास रोखून बसावे लागे. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावर, उत्तरेकडील भिंतीला आणि छपराच्या उत्तरेकडील उतरणीला काचा बसवीत, आणि आतून पांढऱ्या व काळ्या पडद्यांच्या दोऱ्या ओढून उजेड कमी-जास्त करीत. उत्तरच का, तर उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन न येता केवळ आकाशाचा परावर्तित प्रकाश येतो, असे विलायती पुस्तकांत दिलेले असे. पुस्तके लंडनच्या अक्षांशावर लिहिलेली. पुणे साडेअठरा अंशांवर. येथे मेच्या मध्यास सूर्य माथ्यावर येऊन पुढे उत्तरेस ओलांडतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा माथ्यावरून दक्षिणेस परततो. म्हणजे वर्षातील अडीच महिने पुण्याच्या उत्तरेच्या काचेतून भर दुपारीही ऊन थेट आत उतरू शकते. त्यातला बराच काळ आकाश पावसाळी ढगांनी झाकलेले असते, हे नशीब. परंतु मेचा उत्तरार्ध, नेमका लग्नसराईचा, ढगांच्या भरवशावर सोडता येण्यासारखा नव्हता, आणि विलायती नकाशाबरहुकूम बांधलेली काचघरे ह्या दिवसांत जाड कापडे लावून आच्छादावी लागत. जो छायाचित्रकार केवळ पुस्तक वाचून दिवा निवडतो, त्याची गत आजही अशीच होते; त्याची खोली पुस्तकातल्या खोलीसारखी नसते.

ह्या काचांचा आणखी एक स्वभाव मराठी माणसाच्या चेहऱ्याशी फारच चमत्कारिक रीतीने वागला. त्या निळ्या रंगास अतिशय संवेदनशील, पिवळ्यास मंद आणि तांबड्यास जवळजवळ आंधळ्या होत्या. परिणामी कुंकू छायाचित्रात काळे पडे, हळद लागलेली त्वचा सावळी होई, आणि पुण्यातल्या प्रतिष्ठितांच्या मस्तकावरची लाल पगडी शाईच्या रंगाची दिसे. न्यायमूर्ती रानडे किंवा लोकमान्य ह्यांच्या छायाचित्रांवरून त्यांच्या पगड्यांचा रंग ठरवू पाहणाऱ्यास म्हणूनच फसावे लागते. उलटपक्षी पेठेत ज्यांचे अप्रूप नाही असे निळसर घारे डोळे त्या काचेवर इतके फिके उतरत की, कधी कधी दृष्टीच हरपल्यासारखी दिसे, आणि मग निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने बुबुळ भरणाऱ्या रिटचरची गरज भासे. चेहऱ्याचा वर्ण उजळ दाखविण्याचे पेन्सिलीचे काम तर स्वतंत्रच होते. उपवर कन्येच्या छायाचित्रात त्या पेन्सिलीने किती जणांस चकविले असेल, ह्याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. सर्व रंग यथायोग्य टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा आणि फिल्मा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत रुळल्यावर कुंकवाचा काळेपणा ओसरला, आणि मुख्य म्हणजे विजेच्या तांबूस दिव्यासमोर चित्र घेणे किफायतशीर झाले. तोवर त्या दिव्याचा बहुतांश उजेड काचेस दिसतच नव्हता.

त्या जुन्या चित्रांतील गंभीर मुद्रांविषयी बरीच थट्टा होते. आपल्या पूर्वजांना हसणे ठाऊक नव्हते असा समज करून घेण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे की, खुर्चीमागे मान धरून ठेवणारा लोखंडी आधार असे, आणि दोन-तीन सेकंद स्थिर धरता येणारे हास्य हे बहुधा हास्य उरत नाही. यजमान खुर्चीत, पत्नी शेजारी उभी आणि तिचा हात खुर्चीच्या पाठीवर, ही मांडणी पतीच्या वडीलकीची निदर्शक होती हे खरे. परंतु उभ्या व्यक्तीला हलू न देण्यासाठी हाताला टेकू लागतो, हेही तितकेच खरे. आनंदीबाई जोशी ह्यांचे आपल्या जपानी व सिरियन सहाध्यायिनींसमवेत १८८५ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियास काढलेले छायाचित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि पुण्यातच १८८७ मध्ये दिवंगत झालेल्या ह्या विदुषीची नऊवारी साडी त्या परक्या स्टुडिओत जितकी स्पष्ट उतरली आहे, तितकीच तिच्या मुद्रेवरील निश्चलताही. ती निश्चलता व्यक्तिगत धैर्याची म्हणावी की काचेच्या मंदतेची, ह्याचा निवाडा मी तरी करणार नाही.

सूर्यावरील हे अवलंबन सोडविण्याचे प्रयत्न पुष्कळ आधी सुरू झाले होते. फॉक्स टॅलबॉटने १८५१ मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, वेगाने फिरणाऱ्या चकतीवर लावलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाचे चित्र लेडन बरण्यांत साठविलेल्या विजेच्या एका ठिणगीच्या प्रकाशात घेतले होते, आणि अक्षरे वाचता येण्याइतकी स्थिर उतरली होती. आजच्या स्ट्रोबचे सारे तत्त्व ह्या एका प्रयोगात आहे: वीज सावकाश साठवावी आणि क्षणार्धात खर्च करावी. परंतु तत्त्व निघाले म्हणून बाजारात माल येतो असे नाही. ह्या ठिणगीला दुकानात येऊन बसण्यास आणखी सुमारे नव्वद वर्षे लागली. मधल्या काळात १८८७ मध्ये मीथे आणि गेडिके ह्या जर्मन द्वयाने मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड ह्यांचे मिश्रण करून प्रकाशाची दारू तयार केली. पन्हळीत दारू घालून तिला बत्ती दिली की, डोळे दिपविणारा लोळ उठे, पाठोपाठ पांढरा धूर खोलीभर पसरे आणि राखेचा शिडकावा पाहुण्यांच्या उपरण्यांवर होई. लाकडाच्या तक्तपोशीखाली ही दारू पेटविणे कितपत सुरक्षित होते, हे ज्यांनी १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाडा भस्मसात झालेला आणि विश्रामबागवाडा होरपळलेला पाहिला होता, त्यांना सांगण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून पेठांत ही दारू मुंजी-लग्नांच्या समूहचित्रांपलीकडे फारशी शिरली नसावी. एकट्या माणसाची मुद्रा टिपण्यास तर ती निरुपयोगीच, कारण दारूच्या धास्तीने डोळे आधीच मिटलेले असत.

विजेच्या अखंड प्रकाशाचे धडे मराठी मुलखाने घेतले ते बहुतांशी चित्रपटाच्या शाळेत. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईस वीज पोहोचू लागली, आणि पुढील दशकांत पुण्यासही विजेचे दिवे सरावाचे झाले. दादासाहेब फाळके, जे स्वतः आधी गोध्र्यास छायाचित्रांचा स्टुडिओ चालवून बसले होते, त्यांनी आपले आरंभीचे चित्रपट सूर्यप्रकाशावर काढले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मात्र हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून काढलेल्या ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरल्याचे सांगतात. त्यांच्याच तालमीत तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम ह्यांची प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापुराहून पुण्यास आली, आणि मुखावर कोणत्या बाजूने, किती उंचीवरून आणि किती तीव्र उजेड टाकला असता करुणा दिसते व कोणत्या बाजूने टाकला असता क्रौर्य दिसते, ह्याचे शास्त्र पेठेपासून तासाभराच्या पायी अंतरावर दररोज आचरले जाऊ लागले. प्रभातचा ‘कुंकू’ हा चित्रपट पाहून आलेल्या तरुणीला आपले छायाचित्रही शांता आपट्यांसारखे यावे असे वाटू लागले, तर त्यात नवल ते काय? स्टुडिओवाल्याने तिच्यासाठी पाचशे वॅटचे फोटोफ्लड दिवे आणले. साधारण दिव्यापेक्षा अधिक दाबाने जाळल्यामुळे ते प्रखर उजळत आणि अवघ्या काही तासांत जळून जात. खोलीत इतके उकडे की, चैत्र-वैशाखात बसलेल्या नववधूच्या कपाळावरचे कुंकू ओघळू लागे. परंतु ह्या दिव्यांचा एक मोठा गुण होता, ज्याची किंमत तो गेल्यावरच कळली: दिवा जळत असताना छाया कोठे पडली आहे, हे डोळ्यांनी पाहून घेता येई.

मॅसॅच्युसेट्समधील हॅरॉल्ड एजर्टन ह्यांनी १९३१ च्या सुमारास टॅलबॉटच्या ठिणगीला काचेच्या नळीत बंदिस्त केले. संधारकात साठविलेली वीज वायूने भरलेल्या नळीतून एकदम वाहू दिली की, सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही अल्प काळात प्रखर शुभ्र प्रकाश मिळतो, आणि तीच नळी पुनःपुन्हा वापरता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ह्या तत्त्वावर स्टुडिओची यंत्रे पाश्चात्य देशांत विकली जाऊ लागली. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ब्राँकलर आणि एलिनक्रोम, स्वीडनमध्ये प्रोफोटो, इंग्लंडमध्ये बोवेन्स अशी घराणी नावारूपास आली. पुण्याच्या पेठेत ती येण्यास मात्र विलंब लागला. परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक बंधने होती. परवाना मिळाला तरी जकातीची रक्कम पाहून धीर खचे. उटकमंडला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना झाली, बडोद्यास आग्फाचा साधा कॅमेरा बनू लागला, परंतु स्टुडिओच्या फ्लॅशला कोणी वाली नव्हता. म्हणून परदेशातून परतलेल्या आप्ताच्या सामानातून आलेले एखादे यंत्र वा दिल्ली-मुंबईकडे तयार झालेली देशी यंत्रे, ह्यांवरच पुष्कळांची भिस्त राहिली.

दरम्यान पेठेची कायाच पालटत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे व पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत जुन्या वाड्यांबरोबर असंख्य कुटुंबांच्या तसबिरीही पाण्यात गेल्या. जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो आणि सुटून येतो, त्यामुळे वाळवून परत मिळविता आल्या अशा फार थोड्या. पुढील काळात पुराची झळ न लागलेले वाडेही पडले, आणि चौक-ओसरीच्या जागी साडेनऊ-दहा फूट उंचीच्या खोल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. उत्तरेस काचेचे छप्पर असलेला वरचा मजला आता कोणास मिळणार? छायाचित्रकारास मिळाला तळमजल्यावरचा गाळा, दहा बाय बारा फुटांचा, एका बाजूने रस्त्याला उघडा आणि तीन बाजूंनी बंद. स्ट्रोब हा ह्या गाळ्याचा सूर्य झाला. समोरच्याने श्वास रोखण्याची गरज संपली. रांगते मूलसुद्धा निश्चल उतरू लागले. परंतु फोटोफ्लडसमोर जी छाया आधी दिसत होती, ती स्ट्रोबसमोर दिसेनाशी झाली, कारण तो प्रकाश उमटून विझेपर्यंत डोळ्याला त्याचा विचार करण्यास अवकाशच मिळत नाही. ह्या अडचणीवर उतारा म्हणून नळीच्या मध्यभागी सतत जळणारा लहानसा दिवा बसविण्यात आला. धंद्यात त्याला मॉडेलिंग लाइट म्हणतात, आणि नवशिका मनुष्य पैसे वाचविण्यासाठी नेमकी तीच सोय नसलेले यंत्र घेतो, हे मला नेहमी आश्चर्याचे वाटत आले आहे.

आता खरेदीची गोष्ट. यंत्राची शक्ती वॅट-सेकंदांत सांगतात, आणि तो आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले असा सार्वत्रिक समज आहे. हिशेब मात्र निराळाच निघतो. साडेचारशे व्होल्टवर भरलेल्या दोन हजार मायक्रोफॅरडच्या संधारकात सुमारे दोनशे वॅट-सेकंद ऊर्जा मावते. तीच चारशे केली, तर किंमत व वजन बरेच वाढते, आणि छायाचित्रात फरक पडतो तो केवळ एका स्टॉपचा, म्हणजे लेन्सचे वर्तुळ एक घर उघडण्याइतका. प्रकाशाचा दुसरा नियम असा की, अंतर दुप्पट झाले म्हणजे तीव्रता चतुर्थांश उरते. दिवा तीन हातांवरून दीड हातावर आणला, तर फुकटात दोन स्टॉप मिळतात. दहा बाय बाराच्या गाळ्यात दिवा दूर नेण्यास जागाच नसते. तेथे सहाशे वॅट-सेकंदांचे यंत्र आणणाऱ्यास खरी अडचण येते ती शक्ती उतरविताना: मागची पार्श्वभूमी धूसर ठेवण्यासाठी लेन्स उघडावयाची, तर उजेड सोळाव्या किंवा बत्तिसाव्या भागापर्यंत उतरविता आला पाहिजे, आणि मोठ्या यंत्राची उतरण्याची सीमाच पुष्कळदा वर राहते. म्हणून लहान जागेत पहिले यंत्र दोनशे-तीनशे वॅट-सेकंदांचे असावे. किती चढते हे पाहण्याऐवजी किती उतरते हे पाहावे. आणि प्रत्येक खेपेस तितकाच प्रकाश, त्याच रंगाचा, येतो की नाही, हे दुकानातच एकामागून एक दहा-बारा चित्रे घेऊन ताडून पाहावे. दुकानदार तोंड वाकडे करील. त्याला करू द्यावे.

यंत्राहून अधिक विचार करावयाचा तो त्याच्या तोंडावर काय बांधावयाचे ह्याचा. उघडी नळी म्हणजे दुपारचा नग्न सूर्य. तिच्या प्रकाशात नाकाची छाया सुरीसारखी धारदार पडते. पांढऱ्या छत्रीवर तो परतविला किंवा सॉफ्टबॉक्सच्या कापडातून गाळला म्हणजे त्याचा पृष्ठभाग विस्तारतो, आणि विस्तारलेल्या पृष्ठभागाचा उजेड छायेच्या कडा मवाळ करतो. वाड्याच्या चौकातले आकाश हेच काम करीत होते. सुमारे तीन फूट व्यासाचा सॉफ्टबॉक्स बसलेल्या माणसाच्या मुखापासून एक मीटरवर, डोळ्यांच्या रेषेच्या किंचित वर आणि कुशीला ठेवला, व दुसऱ्या कुशीला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला, की एका दिव्यात ओसरीचा प्रकाश मिळतो. छत साडेनऊ फुटांचे असल्याने उभ्या माणसासाठी दिवा पुरेसा वर जात नाही. बसविलेल्यासाठी मात्र जातो, आणि अशा रीतीने आजोबांची खुर्ची निराळ्याच कारणाने पुन्हा स्टुडिओत येते. गाळ्याच्या भिंती पांढऱ्या असल्या तर त्या उजेड उधळून छाया पातळ करतात. मुखाला गोलाई हवी असल्यास एका भिंतीवर काळे कापड टांगण्याची तजवीज ठेवावी.

बोवेन्स हे घराणे १९२३ मध्ये लंडनला सुरू झाले आणि २०१७ मध्ये बंद पडले. परंतु दिव्याला सॉफ्टबॉक्स जोडण्याची त्याची खाच इतकी सर्वमान्य झाली होती की, शेन्झेनच्या गोडॉक्ससह अनेक कारखाने आजही तीच खाच ठेवतात, आणि एका कंपनीचा सॉफ्टबॉक्स दुसरीच्या यंत्राला बसतो. पहिल्या खरेदीत ही खाच पाहून घ्यावी. छत्र्या आणि पेट्या यंत्रापेक्षा जास्त वर्षे टिकतात. यंत्र मात्र कालांतराने बदलावेच लागते. ज्या यंत्राची नळी व फ्यूज गावात मिळत नाहीत आणि ज्याची दुरुस्ती करणारा कारागीर पायी जाण्याच्या अंतरावर नाही, ते कितीही नामांकित असो, पहिले म्हणून घेऊ नये. पुण्यास गुरुवारची देखभालीची वीजबंदी अंगवळणी पडलेली आहे; ज्याला गुरुवारीही गिऱ्हाईक घ्यावयाचे आहे, त्याने बॅटरीवर चालणारा दिवा घ्यावा, ज्याला नाही त्याने ती रक्कम चांगल्या भक्कम तिपाईत घालावी. मान लवणारी तिपाई आणि तिच्यावर उंच चढविलेला चार किलोंचा दिवा ही जोडी, खाली बसलेले लहान मूल ध्यानात घेता, मला जुन्या दारूइतकीच धोक्याची वाटते. अलीकडे सतत जळणारे एल्ईडी दिवे पुन्हा पुढे आले आहेत, व छाया आधी पाहण्याचे फोटोफ्लडचे सुख उष्णतेविना देऊ लागले आहेत. तथापि हलणाऱ्या मुलाला गोठविण्याची ठिणगीची करामत त्यांना अद्यापि साधलेली नाही.

मुखाच्या प्रकाशाला मराठीत जो श्रेष्ठ पारखी लाभला, त्या गौतम राजाध्यक्ष ह्यांचा ‘चेहरे’ हा संग्रह १९९७ मध्ये निघाला. त्यातील चित्रे उलगडताना डोळ्यांच्या बाहुलीकडे पाहावे. त्या बाहुलीत दिव्याचे प्रतिबिंब उमटलेले असते, आणि त्याचा आकार, संख्या व स्थान ह्यांवरून दिवे किती आणि कोठे होते हे जाणत्यास सांगता येते. जुन्या काचघरातील चित्रांत तेथे खिडकीचा चौकोन सापडतो. जो ही पारख करावयास शिकला, त्याला विक्रेत्याचे व्याख्यान ऐकण्याचे फारसे कारण उरत नाही.

सदाशिव पेठेतील आजच्या स्टुडिओच्या गल्ल्यात मात्र कलावंतांपेक्षा अर्जदारांचा पैसा अधिक पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. अभ्यासिकांतून दाटीवाटीने बसलेले, मराठवाड्या-विदर्भापासून आलेले स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी हे ह्या पेठेचे आजचे मोठे गिऱ्हाईक. त्यांस हवी असते ती पांढऱ्या पार्श्वभूमीवरची, दोन्ही कान आणि कपाळ स्पष्ट दाखविणारी, छायारहित मुद्रा, सरकारी अर्जाला चिकटेल अशी. वेल्सच्या चित्रांसमोर छायेविषयी साशंक झालेल्या पुणेकराचा आक्षेप अशा रीतीने खुद्द शासनाने उचलून धरला आहे. अशा मुद्रेसाठी दिवा समोरून, लेन्सच्या वर टाकावा लागतो, आणि पार्श्वभूमी पांढरी राहावी म्हणून तिच्यावर स्वतंत्र दुसरा दिवा लागतो. म्हणून पहिला स्ट्रोब घेणाऱ्या पेठेतील व्यावसायिकाने असा घ्यावा की, पुढे त्याच जातीचा दुसरा, कमी शक्तीचा, त्याच्या जोडीस आणता येईल आणि पहिल्याच्या ठिणगीने तो आपोआप पेटेल. पहिले काही महिने कमाई अर्जांच्या चित्रांवर होईल, दुसरा दिवा त्या कमाईतून येईल, आणि मग लग्नासाठी स्थळ पाहणाऱ्या मुलामुलींची वा पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी आलेल्या लेखकांची चित्रे घेताना पहिला दिवा समोरून काढून कुशीला नेण्यास त्याला धीर येईल.